वाचलेल्या माणसाला उभे कोण करणार?

गेल्या वर्षी नीट-पीजीच्या प्रवेशफेऱ्या चालू असतानाची गोष्ट. खरवईतील माझ्या दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरली होती. तेवढ्यात तीन माणसे आत आली. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका, त्यांच्या पत्नी आणि नुकताच एम.बी.बी.एस. झालेला त्यांचा नातू. काकांचा रक्तदाब मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तपासणीसाठीच आले असतील असे मला वाटले. परंतु काकूंनी खुर्चीवर बसण्याआधीच विषय काढला.

"डॉक्टर, तुम्हीच याला दोन शब्द सांगा. एवढा अभ्यास केला, पास झाला, आणि आता म्हणतो व्यायाम शिकवणारा डॉक्टर होणार! मालिश करायला एवढं शिकावं लागतं का?"

"आजी, फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन म्हणतात त्याला," नातू म्हणाला. यापूर्वी हे वाक्य त्याने बहुधा पन्नास वेळा उच्चारले असावे.

काका काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, मनगट आत वळलेले, मूठ अर्धवट मिटलेली. त्या हाताची हकिगत मला पूर्ण ठाऊक होती, कारण तिच्यात माझ्याही चुकीचा वाटा आहे.

त्या हाताची हकिगत

पाच वर्षांपूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. रुग्णालयाने त्यांचा जीव वाचवला आणि आठव्या दिवशी त्यांना घरी सोडले. सुटीच्या कागदावर पाच औषधे होती आणि सर्वांत खाली एकच शब्द होता : फिजिओथेरपी. तो कागद घेऊन काकू माझ्याकडे आल्या. मी रक्तदाब मोजला, साखर पाहिली, कोणती गोळी केव्हा घ्यायची ते समजावले आणि म्हणालो, "आता त्यांना विश्रांती घेऊ द्या. हळूहळू ताकद येईल."

आजही हे वाक्य आठवले की मला अस्वस्थ वाटते. पक्षाघातानंतर मेंदू नव्याने शिकण्याची धडपड करत असतो आणि सुधारणेचा सर्वाधिक वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच असतो. त्यांतले जवळजवळ दोन महिने आम्ही विश्रांतीत घालवले. व्यायाम सुरू झाले ते पायाचे. काका काठी घेऊन चालू लागले, याचा सर्वांना आनंद झाला. हाताकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. त्यांना उठवताना घरातला प्रत्येक जण मायेने तोच अधू हात धरून ओढत असे. त्यामुळे खांदा दुखावला. दुखतो म्हणून हात हलवणे थांबले, हलत नाही म्हणून तो आखडला. पुढे बोटे इतकी घट्ट मिटली, की नखे तळहातात रुतू लागली.

दीड वर्षाने मी त्यांना मुंबईतील एका पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले आणि स्वतःही सोबत गेलो. त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकून मी चकित झालो. सदऱ्याची बटणे कोण लावते? शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोड? रात्री किती वेळा उठावे लागते आणि त्या वेळी कोण उठते? काकूंची पाठ दुखते का? मी काकांना इतकी वर्षे ओळखत होतो, पण यांतला एकही प्रश्न मी कधी विचारला नव्हता. त्यांनी ताठर झालेल्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने दिली, हातासाठी स्प्लिंट करवून घेतले आणि तळहात कसा उघडावा व स्वच्छ ठेवावा हे काकूंना शिकवले. काही आठवड्यांत मूठ अर्धी उघडली. आता काका त्या हाताने ताट धरून ठेवतात आणि डाव्या हाताने जेवतात. सही मात्र त्यांना पुन्हा करता आली नाही.

नातवाने ही शाखा निवडण्याचे कारण त्या खोलीतच बसलेले होते. त्याचा उच्चार मात्र कोणीच करत नव्हते.

ही शाखा नेमकी कशाची?

काकूंचा गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून थोडे स्पष्ट करतो. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे भौतिक वैद्यक व पुनर्वसन, ही एम.बी.बी.एस.नंतरची तीन वर्षांची पदव्युत्तर शाखा आहे. तिच्या तज्ज्ञाला फिजिअॅट्रिस्ट म्हणतात. फिजिओथेरपिस्टचे शिक्षण वेगळे आणि कामही वेगळे. स्नायू, सांधे आणि हालचाल यांच्यावर प्रत्यक्ष उपचार करणे हे त्याचे कौशल्य. दैनंदिन कामे पुन्हा करायला शिकवणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचा व गिळणे यांवर काम करणारे वाचोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव व आधारपट्टे बनवणारे तंत्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका हे सारे याच कामातले सहकारी. आजाराचे निदान करणे, औषधे व इंजेक्शने देणे, आणि रुग्णाने कोणत्या क्रमाने काय साध्य करायचे हे या सर्वांना बरोबर घेऊन ठरवणे, ही फिजिअॅट्रिस्टची जबाबदारी.

पक्षाघात, मणक्याची इजा, अपघातात किंवा मधुमेहामुळे गमावलेला पाय, मुलांमधील सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, खुब्याचे हाड मोडल्यानंतरचे दुबळेपण, जुनाट पाठदुखी हे सर्व या शाखेचे विषय आहेत. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी यांतले एखादे नाव ओळखीचे असेल.

या शाखेची मुळे आपल्या महाराष्ट्रात खोलवर आहेत. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारताच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. ते या विषयाचे देशातील पहिले विद्यालय. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था आजही रुग्णांवर उपचार करते आणि डॉक्टर घडवते. आपल्याकडून जायचे तर बदलापूरहून लोकलने दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी.

काकूंना मी आणखी एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मेरी वर्गीस तरुणपणी, १९५४ मध्ये, एका वाहन अपघातात जखमी झाल्या आणि त्यांच्या शरीराचा खालचा भाग कायमचा लुळा पडला. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर १९६३ मध्ये वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काकू शांतपणे ऐकत होत्या. "खुर्चीत बसून ऑपरेशन?" एवढेच त्या म्हणाल्या. मालिशचा विषय पुन्हा निघाला नाही.

विभाग निवडताना विचारायचे प्रश्न

शाखा ठरली तरी कोठे शिकायचे हा प्रश्न उरतोच. एम.डी. किंवा डी.एन.बी. यांचे प्रवेश नीट-पीजीच्या गुणक्रमानुसार होतात. एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी आय.एन.आय.-सी.ई.टी. ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा असते. हाजी अलीच्या संस्थेखेरीज दिल्लीचे एम्स, वेल्लोर, लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, जयपूरचे सवाई मानसिंह महाविद्यालय, इंफाळची रिम्स ही या विषयातील जुनी नावे. जागांची संख्या दरवर्षी बदलते. म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत यादीच पाहावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

नातवाने मोबाइलवर संस्थांची यादी काढली आणि विचारले, "काका, यांतली चांगली कोणती?" मी साधा एम.बी.बी.एस. कौटुंबिक डॉक्टर, मी क्रमवारी काय लावणार? परंतु रुग्णाच्या बाजूने कोणते प्रश्न विचारावेत हे मला काकांच्या हाताने शिकवले होते. ते मी त्याला कागदावर लिहून दिले.

पहिला प्रश्न : विभागाच्या स्वतःच्या खाटा आहेत का? बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटांत रुग्ण पाहून पुनर्वसन शिकता येत नाही. मणक्याची इजा झालेला तरुण सहा आठवडे वॉर्डात राहतो, तेव्हाच त्याची लघवी, त्याचे शय्याव्रण, त्याची निराशा आणि पहिल्यांदा स्वतःहून खाटेवरून खुर्चीत बसण्याचा दिवस, हे सारे निवासी डॉक्टरला दिसते.

दुसरा : रुग्ण किती प्रकारचे येतात? केवळ पाठदुखी आणि गुडघेदुखी पाहून तीन वर्षे गेली, तर पक्षाघाताचा रुग्ण समोर आल्यावर हा डॉक्टरही माझ्यासारखेच 'विश्रांती घ्या' म्हणेल.

तिसरा : सारे सहकारी एका छताखाली आहेत का, आणि आठवड्यातून एकदा तरी ते एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात का? कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आवारातच असेल तर फारच उत्तम. पाय बसवल्यावर तो कोठे टोचतो हे रुग्णाने सांगावे, तंत्रज्ञाने तेथेच घासून द्यावे आणि शिकणाऱ्या डॉक्टरने ते पाहावे.

चौथा : स्वतःच्या हाताने काय करायला मिळते? ताठर स्नायूंतील इंजेक्शने, सोनोग्राफीच्या साहाय्याने सांध्यात द्यायची इंजेक्शने, नसांची व स्नायूंची विद्युत तपासणी, मूत्राशयाची तपासणी, ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ही कामे स्वतः करतात की केवळ पाहतात, हे त्यांनाच विचारावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे, 'झोप मिळते का? वरिष्ठ शिकवतात का?' विभागप्रमुखांच्या दालनात मिळणारे उत्तर आणि उपाहारगृहात मिळणारे उत्तर यांत फरक असू शकतो.

पाचवा : दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनाचा अनुभव मिळतो का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवलेले आहेत आणि अनेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्या एका कागदावर एखाद्या घराचे अर्थकारण अवलंबून असते. तो न्यायाने भरणे हेही शिकावे लागते.

विद्यावेतन, वसतिगृह, सुट्ट्या, बंधपत्राची सेवा या गोष्टीही लिहून घ्याव्यात. त्यांत लाजण्यासारखे काही नाही. दमलेला आणि कर्जाच्या चिंतेतला डॉक्टर कोणाला उभे करणार?

कागद घडी करून खिशात ठेवताना नातू म्हणाला, "पाचच झाले." तेव्हा काका पहिल्यांदाच बोलले. त्यांचे शब्द अजून थोडे जड पडतात. "सहावा लिही. पेशंट घरी गेल्यावर त्याला परत कोण विचारतं?"

यादीत तो प्रश्न सर्वांत वर असायला हवा होता. मी तो विसरलो होतो.

वडीलधाऱ्यांच्या शंका

काकूंनी आणखीही बरेच विचारले आणि ते विचारण्याचा त्यांना हक्कच होता. पैसे मिळतील का? मी खरे ते सांगितले. शस्त्रक्रिया करणाऱ्यांसारखी कमाई सुरुवातीला होत नाही. लोकांना शाखेचे नाव ठाऊक नसते, त्यामुळे रुग्ण आपणहून येत नाहीत. इतर डॉक्टरांशी ओळख वाढवावी लागते, ते पाठवतात. परंतु आपले आयुर्मान वाढते आहे, पक्षाघातातून आणि अपघातातून वाचणारे वाढत आहेत, आणि त्यांना पुढे सांभाळणारे तज्ज्ञ फार थोडे आहेत. २०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या आपल्याच परिसरात अशा तज्ज्ञाची गरज भासेल.

ही शाखा कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ज्याला आज उपचार आणि उद्या निकाल हवा, त्याने घेऊ नये. येथे रुग्ण पूर्ण बरा होतोच असे नाही. कधी महिनाभराच्या मेहनतीचे फळ म्हणजे रुग्णाने स्वतःच्या हाताने लावलेले एक बटण. ते पाहून ज्याचे मन भरते, त्याचीच ही शाखा.

आणि एक विनंती घरातील ज्येष्ठांना. पसंतीक्रम भरण्याच्या दिवसांत मुले आधीच दडपणाखाली असतात. शेजारच्याचा मुलगा कोणती शाखा घेतो आहे हे त्यांना ऐकवू नका. त्यापेक्षा 'हे काम तुला रोज करायला आवडेल का?' असे विचारा.

तोवर घरी काय करावे?

असा तज्ज्ञ जवळ नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नये. पक्षाघात झालेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी येथे देतो. त्या मला उशिरा उमगल्या, आपल्याला वेळेवर कळाव्यात.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणी किंवा चहा देऊ नये. नंतरही ताठ बसवूनच भरवावे. ठसका लागत असेल किंवा घोटानंतर आवाज घोगरा, ओला येत असेल तर भरवणे थांबवून डॉक्टरांना सांगावे.

स्वतः कूस बदलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी ती बदलावी. माकडहाड, टाचा आणि खुब्याजवळची कातडी रोज पाहावी. लाली कायम राहिली तर ती शय्याव्रणाची पहिली खूण समजावी.

अधू हात धरून किंवा काखेत हात घालून रुग्णाला कधीही ओढू नये. बसलेले असताना त्या हाताखाली उशीचा आधार द्यावा. उठवण्याची योग्य पद्धत फिजिओथेरपिस्टकडून घरातील दोघांनी तरी शिकून घ्यावी.

पहिल्या चोवीस तासांत जबरदस्तीने चालवण्याचा आग्रह धरू नये. मात्र प्रकृती स्थिर होताच बसवणे आणि उभे करणे केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांना रोज विचारावे. जे काम रुग्णाला सावकाश का होईना जमते, ते आपण करून टाकू नये. घास सांडला तर सांडू द्यावा.

रुग्णालयातून घरी सोडताना तीन गोष्टी लिहून मागाव्यात : व्यायाम कोण आणि कोणत्या दिवसापासून शिकवणार, पुनर्वसनासाठी कोणाला दाखवायचे, आणि पुन्हा केव्हा यायचे. कागदावर नुसते 'फिजिओथेरपी' लिहिलेले असेल तर नम्रपणे पुन्हा विचारावे.

एक उंबरा

नातवाने पसंतीक्रमात ही शाखा पहिली ठेवली आणि त्याला ती मिळाली. आता तो पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. घरी फारसा येत नाही. काकू तक्रार करतात आणि त्याच दमात त्याचे कौतुकही सांगतात.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "काका, आमच्या वॉर्डात खरवईचे एक पेशंट आहेत. पाय गुडघ्याखाली काढला आहे. परवा सोडायचे आहे. त्यांच्या घराचा उंबरा किती उंच आहे आणि शौचालयाच्या दाराची रुंदी किती, ते कोणी पाहून सांगेल का? घरच्यांनाही विचारून ठेवलं आहे, त्यांची हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी मी त्या घरी गेलो. रुग्णाच्या सुनेने दार उघडले आणि माझ्या हातात रक्तदाबाच्या यंत्राऐवजी मोजपट्टी पाहून ती गोंधळली. उंबरा सात इंच निघाला. शौचालयाचे दार दोन फूट एक इंच. मी आकडे कळवले. नातवाचे उत्तर लगेच आले : चाकांची खुर्ची या दारातून जाणार नाही. वॉकर जाईल. उंबऱ्याला फळी लावून घ्यायला सांगा, बाकीचे आम्ही इकडे शिकवतो.

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या सुताराने उतरती फळी बसवली. आता पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया होऊन कोणी घरी परतले की मी पहिल्या भेटीला मोजपट्टी बरोबर नेतो.